भोपळ्याच्या धिरड्याचे गुण

(औरंगपुरा येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



एखाद्या मुलास शून्य गुण मिळाले, म्हणजे त्यास 'भोपळा मिळाला' असे म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. एका शाळेत दुपारच्या भोजनाच्या वेळी मी पंक्तीतून हिंडत असता, दुसरीतल्या एका मुलाने खिचडीतील भोपळ्याच्या फोडी वेचून ताटाच्या कडेस नीट मांडून ठेवलेल्या दिसल्या. कारण विचारता तो गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी, भोपळा खाल्ला की पेपरात भोपळा मिळतो." सारी पंगत हसली, मलाही हसू आले. परंतु त्या फोडी अखेर कुत्र्यापुढे गेल्या, हे पाहून वाटले, की भोपळ्याचे गुण आपण शिक्षकांनीच एकदा प्रामाणिकपणे तपासावयास हवेत. आज तेवढेच करावयाचे आहे.

येथे येताना औरंगपुऱ्यातील एका भाजीवालीकडून तांबड्या भोपळ्याची ही फोड आणली. आपल्यांपैकी कोणी यास काशीफळ म्हणतात, कोणी डांगर. परीक्षकाने पक्षपात करू नये. म्हणून प्रथम याचे उणे सांगतो. भोपळ्यात दहांतील नऊ भाग पाणी असते. शंभर ग्रॅम भोपळ्यापासून सुमारे २५ किलोकॅलरी उष्णता मिळते आणि प्रथिन मिळते अवघे एक ग्रॅम. नुसत्या भोपळ्यावर मूल पोसले जाणार नाही. हा झाला एका विषयातील निकाल.

आता याचा रंग पाहा. हा केशरी रंग बीटा-कॅरोटीन व त्याच्या जातीच्या द्रव्यांचा असून, बीटा-कॅरोटीनपासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. गर जितका गर्द, तितके हे द्रव्य सामान्यतः अधिक. गर्द केशरी गराच्या काही वाणांत शंभर ग्रॅमला सुमारे ३ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. फिकट पिवळ्या गरात ते पुष्कळच कमी भरते. म्हणून भोपळा घेताना सालीकडे न पाहता कापलेल्या फोडीकडे पाहावे. मात्र हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. जेवणात तेल-तूप मुळीच नसेल, तर त्याचा बराच भाग अंगी न लागता वाया जातो. भोपळ्यास तव्यावरच्या तेलाची जोड हवी, ती याचसाठी.

या ठिकाणी आपल्या आजीचे धिरडे उपयोगी पडते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम व तेल ५ ग्रॅम असे प्रमाण ठरलेले आहे; त्यातून ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिन मिळावे, ही अपेक्षा. आता हेच प्रमाण धिरड्यास लावून पाहू. ज्वारीचे पीठ १०० ग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ २० ग्रॅम, किसलेला भोपळा ५० ग्रॅम व तेल ५ ग्रॅम. ज्वारीपासून सुमारे ३४०, डाळीपासून ७०, तेलापासून ४५ व भोपळ्यापासून १३. एकूण सुमारे ४६८ किलोकॅलरी. प्रथिन १४ ग्रॅमच्या आसपास. शिवाय ज्वारीत लायसिन नावाचा जो प्रथिनघटक उणा असतो, तो डाळ भरून काढते. ही बेरीज चौथीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावी.

बेरजेत भोपळ्याचा वाटा तेराच. मुले पुन्हा हसतील. तेव्हा त्यांस दुसरा प्रश्न घालावा: यात 'अ' जीवनसत्त्व कोणी आणले? ज्वारी व डाळ यांचा वाटा नाममात्र आहे. तेलात ते मुद्दाम मिसळले नसेल, तर तेलाचाही नाही. भोपळा गर्द असेल, तर पन्नास ग्रॅममध्ये दीड मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन येईल. अन्नातील अशा बारा भागांपासून 'अ' जीवनसत्त्वाचा एक भाग होतो, या हिशेबाने सुमारे १२५ मायक्रोग्रॅम. एवढ्याने दिवसाची गरज पुरी होत नाही. परंतु रोजच्या भाकरी-वरणात ज्याचा जवळजवळ अभाव, ते येथे आले. शेवग्याची मूठभर कोवळी पाने चिरून पिठात घातल्यास त्यात आणखी भर पडते.

या जीवनसत्त्वाचा मी इतका आग्रह का धरतो, तेही सांगतो. मंद उजेडात पाहण्यास नेत्रपटलातील जे द्रव्य लागते, ते 'अ' जीवनसत्त्वावाचून बनत नाही. त्याच्या अभावी मूल दिवेलागणीस ठेचकाळू लागते. आपण त्यास रातांधळेपणा म्हणतो. पुढे डोळ्यांचा ओलावा जातो आणि वेळीच लक्ष न दिल्यास बुबुळास कायमची इजा होते. आपल्या देशात १९७० पासून बालकांस या जीवनसत्त्वाच्या मात्रा देण्याचा कार्यक्रम चालू आहे. त्या मात्रा नवव्या महिन्यापासून सुरू होतात व पाचव्या वर्षी संपतात. मूल आपल्या पहिलीच्या वर्गात येते ते सहाव्या वर्षी! म्हणजे चमच्याने मिळणारे थांबल्यानंतर पुढचा भार ताटावर पडतो, आणि ते ताट आपल्या डोळ्यांसमोर असते. संध्याकाळी खेळताना अडखळणारे मूल आढळल्यास मात्र धिरड्यावर विसंबू नये. त्यास त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

कृती सोपी आहे. भोपळा किसून त्यात दोन्ही पिठे, मीठ, हळद, जिरे व बेताचे तिखट घालावे. पाणी घालून पीठ सरबरीत करावे, तापल्या तव्यावर पसरावे, कडेने तेल सोडून झाकण ठेवावे आणि मग उलटावे. सोबत लिंबाची फोड द्यावी. त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह अधिक अंगी लागते. चहा मात्र धिरड्याबरोबर नको, तो लोहाच्या आड येतो. गूळ घालून तळलेल्या घाऱ्या मुलांस अधिक आवडतात हे खरे. परंतु त्या सणाला शोभतात, धिरडे रोजचे आहे. बियाही टाकू नयेत. वाळवून, भाजून सोललेल्या बियांत शंभराला तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन असते.

शाळेच्या भोजनाचे धान्य तांदूळ असल्याने हा पदार्थ तेथे रोज होणे कठीण आहे, हे मी जाणतो. म्हणून तो माता-पालक सभेत करून दाखवावा. पावसाळ्याच्या आरंभी परसबागेच्या कुंपणाशी चार बिया टोचाव्यात. पुरता पिकलेला भोपळा देठासह काढून हवेशीर जागी ठेवल्यास दोन-तीन महिने टिकतो. पालेभाजी दुर्मिळ होते त्या दिवसांत, आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखात, ही थोडी सोय नव्हे.

शेवटी त्या दुसरीतल्या मुलाकडे वळतो. पुढच्या भेटीत मी त्याच्या पाटीवर एक शून्य काढले आणि त्याची किंमत विचारली. "काही नाही," तो म्हणाला. मग त्या शून्याच्या डावीकडे एक लिहिला. "दहा!" तो ओरडला. भोपळ्याचेही असेच आहे. एकटा असता त्याची किंमत थोडी. धान्य, डाळ आणि तेल यांच्या पंक्तीस बसला, म्हणजे तो साऱ्या ताटाची किंमत वाढवितो. हा हिशेब आपण मुलांस शिकवावा, आणि ताटाच्या कडेस राहणाऱ्या फोडी त्यांच्या पोटात जातील असे करावे, एवढीच माझी विनंती आहे.