शरीर चालले तर डोके चालेल
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. आम्ही गिरणी कामगार. पाळी संपल्यावर वाचनालयात बसून जे वाचत आलो, त्यातले दोन शब्द मांडतो. विषय घरातलाच आहे. पोट सुटले की डोक्यावर काय परिणाम होतो, आणि व्यायाम करायचा तर किती जोराचा?

साचेखात्यात आम्ही आठ-आठ तास उभे असायचो. साच्यांमधून फेऱ्या मारण्यातच कितीतरी चाल व्हायची. गिरण्या बंद पडल्या आणि अंगमेहनत सुटली. कोणी वॉचमन होऊन खुर्चीवर बसले, कोणी रिक्षा धरली, कोणी घरीच बसले. जेवण मात्र साचे चालवणाऱ्याचेच राहिले! आता पन्नाशीत पोट पुढे, शुगर, बी.पी., आणि जोडीला "अरे, त्याचं नाव काय बरं?" लोक म्हणतात, वय झालं. आम्ही म्हणतो, सगळा दोष वयावर ढकलू नका.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराची २० टक्के शक्ती तो एकटा खातो. ती त्याला रक्तातून मिळते. पोटातली जादा चरबी शरीरात बारीक सूज धुमसत ठेवते, इन्सुलिनचे काम बिघडवते, रक्तदाब चढवते. त्याने मेंदूच्या नाजूक रक्तवाहिन्या खराब होतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्यासारखी १४ कारणे सांगितली. त्यात लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह आणि अंग न हलवणे आहे. कमी शिक्षणसुद्धा आहे! ही सगळी कारणे दूर झाली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे.

कामगारांचाच दाखला घ्या. लंडनच्या दुमजली बसवरील कामगारांचा अभ्यास जेरी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर जिन्याने वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांना कमी निघाला. पुढे गणवेशांची मापे पाहिली, तर ड्रायव्हरांची कंबर मोठी! एकाच बसवरची माणसे, कामातला फरक हालचालीचा. आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना जे बाधते, ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही बाधते.

दुसरा दाखला अमेरिकेतला, २०११ सालचा. ५५ ते ८० वयाची, बसून राहणारी १२० माणसे. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चालायला लावले, निम्म्यांना फक्त अंग ताणण्याचे व्यायाम दिले. वर्षभराने चालणाऱ्यांच्या मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग २ टक्के वाढला, दुसऱ्यांचा घटला. पण त्यांनी एकदम धावायला नाही लावले, हे ध्यानात घ्या. सुरुवात १० मिनिटांची, दर आठवड्याला ५ मिनिटे वाढ, सातव्या आठवड्याला ४० मिनिटे. चालण्याचा जोर त्यानंतर वाढवला.

आमच्या पोरांना वाटते, जिममध्ये घाम निथळला तरच व्यायाम. जोराच्या व्यायामाने दमश्वास जास्त सुधारतो हे खरे. पण मेंदूसाठी जोराचाच व्यायाम हवा, असे संशोधन ठामपणे सांगत नाही. निकाल एकसारखे नाहीत. सोण भिक्खूने चालून चालून पाय रक्तबंबाळ केले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तर सूर नाही, ढिली सोडली तरी नाही. इथेही तेच.

आता तार बरोबर लागली हे ओळखायचे कसे? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. हा मध्यम जोर. दोन-चार शब्दांतच दम लागला तर तो जास्त जोर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालले तरी पुरे. वजन काट्यावर लवकर उतरले नाही, तरी चालणे सोडू नका. रक्तदाब आणि शुगरला फायदा होतच असतो. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, छातीत दुखते, चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. जड अंगाच्या माणसाने गुडघे सांभाळून, सपाट जागेवर सुरुवात करावी.

घरी टेप असेल तर कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषाची ९० सेंटीमीटर आणि बाईची ८० सेंटीमीटर ही धोक्याची खूण मानतात.

शेवटी एक मागणी. जिमची फी आपल्याला परवडत नाही, फुटपाथवर चालायला जागा नाही. आमच्या मायबहिणींना तर घरकामातून बाहेर पडायचीच पंचाईत. तेव्हा विहाराचे पटांगण रोज संध्याकाळी एक तास चालण्यासाठी मोकळे ठेवावे, आणि त्या वेळेला घरातल्या पुरुषांनी चुलीकडे बघावे! ज्या डोक्याने शिकायचे, संघटित व्हायचे, पोरांना घडवायचे, ते डोके शाबूत ठेवणे हेसुद्धा समाजाचेच काम आहे.