झाडू कोणाच्या हातात?

आज जरा लांबची गोष्ट सांगायची आहे, जपानमधली. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक तीन वर्षं तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होती. शिमाने नावाच्या प्रांतात. भातशेतीचा भाग, तरुण पोरं शहरात गेलेली, म्हातारी माणसं मागं राहिलेली. ती सुट्टीला गावी आली तेव्हा हप्ते गोळा करून झाल्यावर आम्ही तिला मध्ये बसवलं आणि दोन तास उठू दिलं नाही.

आम्हाला वाटलं, ती बुलेट ट्रेनचं सांगेल. तिनं सुरुवात केली फरशी पुसायच्या फडक्यापासून.

तिच्या शाळेत जेवण झालं की रोज पंधरा-वीस मिनिटं साफसफाई. तिला ‘सोजी’ म्हणतात. स्पीकरवर गाणं लागलं की मुलं उठतात. कोणी बाकं सरकवतं, कोणी झाडतं, कोणी फळा पुसतं. लांबलचक व्हरांड्यात तर मुलं ओलं फडकं दोन्ही हातांखाली दाबून, कंबर वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जातात. संडासही मुलंच धुतात. मुलगे आणि मुली, दोघंही. शिक्षकही सोबत असतात, त्यामुळं पहिल्याच दिवशी हिच्याही हातात फडकं आलं. ते फडकंसुद्धा जुन्या टॉवेलाचं शिवलेलं, घरून आणलेलं.

जेवणाचंही तसंच. वर्गातल्या पाच-सात मुलांची आठवडाभर वाढपाची पाळी. पांढरा डगला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. भाताचं आणि सूपचं जड भांडं दोघंजण उचलून वर्गात आणतात, वाढतात. सगळ्यांच्या पुढं ताट आल्याशिवाय कोणी घास घेत नाही. मग हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणायचं आणि सुरू. बाईही वर्गातच बसून तेच जेवतात. आमच्या या लेकीला मात्र स्वतःचा डबा न्यावा लागे, कारण ती शाकाहारी आणि तिथं साध्या सूपमध्येही माशाचा अर्क!

आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, “तो पांढरा डगला धुतं कोण?” लेक हसली. म्हणाली, “शुक्रवारी मूल तो घरी नेतं, सोमवारी धुऊन, इस्त्री करून आणतं. धुते आई.”

इथं गप्पांना वेगळंच वळण लागलं. कारण शाळेत झाडू धरणारी ही मुलं मोठी झाल्यावर घरात काय करतात, हे आम्हाला ऐकायचं होतं. मुलग्यांना शिकवलेलं नाही, असं तिथं म्हणताच येत नाही. प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला गृहविज्ञान मुलगे-मुली दोघांनाही 1947 पासून आहे. भात शिजवणं, बटण लावणं, सगळं. पुढच्या वर्गांत मात्र तो बरीच वर्षं मुलींचा विषय होता. 1993-94 पासून तिथंही दोघांना सक्तीचा झाला.

आणि तरीही आकडे ऐका. 2021 च्या तिथल्या सरकारी पाहणीत, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात बायको घरकाम आणि मुलांचं करण्यात दिवसाला 7 तास 28 मिनिटं घालवते, नवरा 1 तास 54 मिनिटं. हेही वाढून झालेलं. 1996 मध्ये नवऱ्याची 38 मिनिटंच होती. नवरे रात्री उशिरापर्यंत कामावर, हे एक कारण आहेच. पण ती शिकवायची त्या शाळेतल्या पालक सभेलाही सगळ्या आयाच यायच्या आणि अध्यक्षाच्या खुर्चीत एक बाप. हे ऐकून आम्ही एकमेकींकडं बघितलं. सरपंचबाईंचे पती आठवले, दुसरं काय!

तिनं पाचवीतल्या एका पोराला विचारलं होतं, घरी झाडतोस का? तो म्हणाला, घरी पाळीची यादी नसते.

आता आपल्या शाळांचं. जपानचं उचलून इथं आणा, असं आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडं शाळेत झाडू कोणत्या जातीच्या पोराच्या हातात दिला जायचा, संडास कोणाकडून धुऊन घेतला जायचा, हे आपल्यातल्या कित्येकींनी सोसलेलं आहे. म्हणून ‘माझं लेकरू शाळेत झाडणार नाही’ असं एखादी आई म्हणते, ते आम्हाला पूर्ण पटतं. फरक यादीचा आहे. तिथं भिंतीवर यादी लागते, तीत प्रत्येकाचं नाव असतं आणि दर आठवड्याला काम बदलतं. आपल्याकडं गुरुजी नुसतं “चला गं पोरींनो” म्हणतात. पोषण आहारानंतर भांडी कोण आवरतं, एकदा दुपारी शाळेत जाऊन बघा.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, कायद्यानंच. तिथं हा विषय काढायचा, असं आमच्या गटानं ठरवलंय. मुलग्यांची नावंही यादीत हवीत, आणि संडासाचं काम लेकरांकडं नकोच, त्याला माणूस नेमा आणि नीट पगार द्या.

घरचं म्हणाल, तर आमच्यातल्या तिघींनी कॅलेंडरवर पाळ्या लिहिल्यात. पाणी भरणं, अंगण झाडणं, भांडी. दोन घरांत पोरं कुरकुरत का होईना करतायत. तिसरीनं नवऱ्याचंही नाव लिहिलं, भांड्यांपुढं. दुसऱ्या दिवशी ते पान फाटलेलं सापडलं. ताईंनी बाजारातून नवीन कॅलेंडर आणलंय. पुढं काय झालं ते पुढच्या बुधवारी.