थांबवलं म्हणजे नक्की काय थांबलं?

मी मंद्रूपहून बोलतोय. आजचा प्रश्न साधा आहे. व्हिडिओ कॉल चालू आहे, घरात पाहुणे आले, तुम्ही कॅमेऱ्याचं बटण दाबलं. नक्की काय थांबलं?

ब्राउझरमधले असे कॉल वेबआरटीसीवर चालतात. तिथे ट्रॅकचं 'एनेबल्ड' फॉल्स केलं, की समोर काळं चित्र जातं, माइकचा ट्रॅक असेल तर शांतता. पण ट्रॅक जिवंतच असतो, म्हणून लगेच परत सुरू होतो. सेंडरच्या 'रिप्लेसट्रॅक'ला नल दिलं, तर पाठवणंच थांबतं. कॉल तुटत नाही. 'स्टॉप' केलं, तर ॲप कॅमेरा सोडतं. मग तो ट्रॅक संपला. 'गेटयूजरमीडिया'कडून नवा घ्या आणि रिप्लेसट्रॅकने जोडा.

बघणाऱ्याने नुसता पॉज दाबला, तर? चित्र गोठतं, डेटा मात्र येतच राहतो. मोबाइलच्या रिचार्जवर जगणाऱ्याला हे परवडत नाही. पाठवणाऱ्याकडूनच थांबवायला हवं.

म्हणून माझं म्हणणं: क्षणभरासाठी एनेबल्ड, लांब विश्रांतीसाठी रिप्लेसट्रॅक आणि स्टॉप. बटणावर 'कॅमेरा बंद' लिहिलंय ना? मग तो खरंच बंद झाला पाहिजे. माणूस त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून घरात वावरतो.

भेटू पुढच्या भागात.