लोखंडाचा स्वभाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. भाषणाची सवय नाही. तरी चार शब्द बोलते. माझी थोरली मुलगी इलेक्ट्रिकलची पदविका घेऊन वसई पूर्वेच्या एका कारखान्यात लागली आहे. तेथे पाण्याच्या पंपांच्या मोटारी होतात. "दिवसभर संगणकापुढे बसून ती करते तरी काय?" असे पुष्कळजणी विचारतात. तिच्याकडून समजून घेतले ते सांगते.

मोटार घडवण्याआधी ती संगणकावर घडवून पाहतात. चित्र काढायचे आणि कोणता भाग कशाचा ते सांगायचे: येथे पोलादी पत्रा, येथे तांब्याची तार, मध्ये हवेची फट. मग चुंबकशक्ती कोठे किती, ते संगणक हिशेबाने दाखवतो. मात्र आपण सांगू तेच त्याला खरे.

आपण जुन्या तांदळाला पाणी जास्त घालतो, नव्याला कमी. तांदूळ बदलला आणि पाणी तेवढेच ठेवले, तर भात बिघडतो. तसाच धातूंचाही स्वभाव असतो. तांब्याला चुंबक ओढत नाही. लोखंड चुंबकत्व झटकन घेते, पण एका हद्दीनंतर तारेतली वीज कितीही वाढवा, ते फारसे वाढत नाही. हा स्वभाव आकड्यांच्या कोष्टकात मांडलेला असतो.

सॉफ्टवेअरमध्ये पदार्थांची यादी तयार असते. पण कारखान्यात आलेला माल यादीबरहुकूम असेलच असे नाही. तेव्हा यादीतल्या पदार्थाची नक्कल करायची, तिला वेगळे नाव द्यायचे आणि मालाबरोबर आलेल्या कागदावरचे आकडे भरायचे. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, आणि आकडे कोठून घेतले ते लिहून ठेवायचे, असा तिचा नियम आहे.

गेल्या वर्षी कारखान्यात स्वस्त पत्रा आला. मोटारीच्या पोटात सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे पत्रे एकावर एक रचतात. त्यामुळे पोलादात वीज कमी वाया जाते. मुलीने नव्या पत्र्याचे आकडे भरले, तो वाया जाणारी वीज वाढलेली दिसली. वरिष्ठ म्हणाले, "माप तेच, चित्र तेच, फरक कसा पडेल?" तिने नमुन्याची एक मोटार करून मोजायला लावली. ती खरोखरच अधिक तापली. मोटार फार तापली की तारेवरचे वेष्टन जळते, आणि मग चौथ्या मजल्यावर हंडे कोण चढवते, हे तुम्हांला सांगायला नको! पत्रा परत गेला.

या विद्येचा उपयोग आपल्या घरातही आहे. मुंबईच्या आय. आय. टी.त शिकलेल्या मनोज मीना व शिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये ॲटमबर्ग कंपनी काढली. तिच्या पंख्यांच्या मोटारीत कायमचे चुंबक असतात. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो, असा पंखा सुमारे ३०. रोज १० तास चालला तर महिन्याला सुमारे १३ युनिटे वाचतात.

भगिनींनो, हे काम अंगबळाचे नाही. नीट वाचण्याचे आणि पडताळून पाहण्याचे आहे. निवडणे-पाखडणे आपल्या हाताला ठाऊकच आहे. डेव्हिड मीकर या गृहस्थांनी केलेले एफ. ई. एम. एम. हे अशा हिशेबाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. अडते ते फीपाशी. दहावीनंतर "आता पुरे" म्हणून घरी बसवलेल्या मुली आपल्या आळीतही आहेत.

म्हणून माझी सूचना अशी, की यंदा हळदीकुंकवाचे वाण साधे ठेवावे आणि शिल्लक रकमेतून दोन मुलींच्या पदविकेच्या फीला हातभार लावावा. वाण वर्षभरात मोडते-हरवते. विद्या जन्मभर पुरते. पुढच्या सभेत यावर विचार व्हावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.