खातेवाटप आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलायचे सोडून हे मंत्रालयांचे काय काढले, असे कोणी मनात म्हणेल. पण जून-जुलै उजाडला की आपल्या वस्तीतली पोरं कागदांची पिशवी घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरताना आपण बघतो. "हे आमच्याकडे येत नाही", हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही? कोणते काम कोणाकडे, याची पहिली वाटणी दिल्लीत होते. राज्यघटनेच्या कलम 77 प्रमाणे 1961 साली केलेल्या नियमांत प्रत्येक मंत्रालयाची कामे लिहून ठेवली आहेत. पेपरात खातेवाटप आले की आपण मंत्र्याचे नाव वाचतो. खात्यात कामे कोणती, ते वाचत नाही.

बाबासाहेब मात्र ते बारकाईने बघत. 1942 च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या एका खात्यात कामगार तर होतेच, शिवाय पाटबंधारे, वीज, खाणी आणि सरकारी बांधकामेही होती. त्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. कामगारांचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. वीज आणि नद्यांच्या नियोजनासाठी केंद्रीय मंडळे त्यांच्याच काळात उभी राहिली. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्यात आकाराला आली. आज हीच कामे श्रम, जलशक्ती, ऊर्जा, खाण अशा वेगवेगळ्या मंत्रालयांत वाटलेली आहेत.

1947 साली ते कायदामंत्री झाले. मान मोठा, पण खाते लहान. कायद्याबरोबर नियोजनाचे खातेही देऊ, असे पंडित नेहरूंनी त्यांना सांगितले होते. ते मिळाले नाही. परराष्ट्र, संरक्षण यांसारख्या मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांतही त्यांना घेतले गेले नाही. 1951 साली त्यांनी राजीनामा दिला, तो हिंदू कोड बिलासाठी, हे आपल्याला पाठ आहे. पण राजीनाम्याच्या निवेदनात खाते आणि समित्यांची ही तक्रारही आहे, ती आपण विसरतो. ती काही खुर्चीची हाव नव्हती. खुर्ची आहे पण निर्णय दुसऱ्याच टेबलावर होतो, तर समाजाचे काम होणार कसे, हा त्यातला सवाल होता.

आता आपल्याच फायलीचा प्रवास बघा. अनुसूचित जातींच्या विकासाचा विभाग 1985 पर्यंत गृह मंत्रालयात होता. म्हणजे पोलीस ज्यांच्याकडे, त्यांच्याकडेच आपली प्रगती! त्या वर्षी तो कल्याण मंत्रालयात आला. 1998 च्या मे महिन्यात त्या मंत्रालयाचे नाव 'सामाजिक न्याय आणि अधिकारिता' झाले. कल्याण म्हणजे देणाऱ्याची मर्जी, न्याय म्हणजे घेणाऱ्याचा हक्क. म्हणून हा बदल आम्हाला मोलाचा वाटतो. पुढे 1999 मध्ये आदिवासींसाठी आणि 2006 मध्ये अल्पसंख्याकांसाठी वेगळी मंत्रालये निघाली.

इथे आपली गंमत झाली. महाराष्ट्रात बौद्धांना 1960 पासून सवलती होत्या, पण केंद्रात धर्मांतराबरोबर त्या जात होत्या. 1990 च्या कायद्याने तो अन्याय दूर झाला. 1993 मध्ये बौद्ध हे राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणूनही जाहीर झाले. म्हणजे एकाच घरातले पोर अनुसूचित जातीचे म्हणून एका मंत्रालयाचे आणि बौद्ध म्हणून दुसऱ्याचे. दोन दारे आहेत याचा आनंद मानावा, तर दोन्हीकडून "पलीकडे विचारा" ऐकायची पाळी येऊ शकते. त्यात 1944 साली सुरू झालेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्राने 60 टक्के आणि राज्याने 40 टक्के उचलावा, असे 2020 च्या डिसेंबरात ठरले. वाटेकरी दोन झाले की जाब कोणाला विचारायचा, हे नीट माहीत पाहिजे.

मंत्रालये कमी करा, असे पुष्कळ जण सांगतात. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या 15 टक्क्यांवर अडवली. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2009 साली मंत्रालयांची संख्या निम्म्याहून कमी करण्याची दिशा सुचवली. तरी 2021 साली सहकाराचे नवे मंत्रालय निघालेच. आमचे म्हणणे एवढेच, की आकडा किती याच्यापेक्षा आपल्या कामाची जबाबदारी एका माणसावर पडते की नाही, ते बघावे. आणि सामाजिक न्याय हे काही एकट्या मंत्रालयाचे काम नव्हे. अनुसूचित जातींसाठी निधी शेती, शिक्षण, आरोग्य अशा खात्यांनीही बाजूला काढायचा असतो. तो खरोखर आपल्यावर खर्च होतो का, हे विचारायचे धाडस हवे.

बुद्धांच्या संघातही कामांची वाटणी होती. दब्ब मल्लपुत्र भिक्खूंच्या निवासाची आणि भोजनाची व्यवस्था लावत. भांडाराला वेगळा भिक्खू असे. असा कामकरी निवडताना विनयात कसोटी सांगितली आहे: जो आवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने वाकडा जात नाही आणि काय दिले, काय द्यायचे राहिले हे ज्याला ठाऊक आहे, तोच नेमावा, तोही संघाच्या संमतीने. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी आजच्या मंत्र्याला आणि कारकुनाला लावून बघा!

आपण पुणेकर. राज्याचे समाजकल्याण आयुक्तालय आपल्या शहरात, बार्टीही इथेच. तेव्हा अज्ञानाची सबब आपल्याला शोभत नाही. आमची विनंती आहे की विहाराच्या फळ्यावर एक तक्ता कायमचा लावावा: कोणते काम, कोणते खाते, कोणती कचेरी, शेवटची तारीख. पाटी बदलली की तक्ता बदलावा. शिकलेल्या पोरांनी रविवारी वंदनेनंतर तासभर बसून अर्ज भरून द्यावेत, पोच घ्यायला शिकवावे. उत्तर आले नाही तर विहाराच्या नावाने लेखी विचारावे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' याचा रोजच्या जगण्यातला अर्थ आम्ही असा लावतो.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम!