आपलाच हात, आपलाच तळवा

पानिपतातील यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात एखाद्याला शब्द ऐकू आल्याचा भास झाला तर नवल नाही. परंतु आपल्याच चित्तात उमटलेले शब्द आपलेच आहेत ही ओळखही ज्यात पुसट होऊ शकते, त्या व्याधीला मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली स्किझोफ्रेनिया हे नाव दिले.

ही ओळख मेंदू कशी पटवतो, हे जाणण्यासाठी स्वतःच्या तळव्याला स्वतःच गुदगुल्या करून पाहा; होत नाहीत. मेंदू हुकूम रवाना करतानाच त्याची नक्कल आपल्या दफ्तरी दाखल करतो, आणि म्हणून अपेक्षित स्पर्श फिका पडतो, अशी याची उपपत्ती आहे. मेंदूशास्त्रज्ञ सारा-जेन ब्लेकमोर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, परके आवाज ऐकणाऱ्या अथवा आपल्यावर परकी सत्ता चालते असे वाटणाऱ्या रुग्णांना स्वतःचा स्पर्शही परक्याइतकाच तीव्र भासला. जावक नोंद हरवली की घरचा कागद परका ठरावा, तसेच हे!

आपले ते परके वाटण्याच्या या वृत्तीच्या सौम्य छटा निरोगी माणसांतही आढळतात, त्यांना वेडाची सनद समजू नये. मात्र घरात कोणी असे आवाज ऐकत असेल, तर मांत्रिकाचा उंबरठा झिजवण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना गाठावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा निःशुल्क क्रमांक १४४१६ आहे.