मालवणी कालवणाचे अर्थकारण



मालवणी जेवणाची कीर्ती आज मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतून दुमदुमते आहे. ते कोणाच्या चुलीवर जन्मले, हा प्रश्न मात्र तेथील ग्राहकाला सहसा पडत नाही.

रापण म्हणजे सामायिक जाळे. किनाऱ्यावरून ते ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळे, आणि त्यात बहुधा बांगडा नाहीतर तारली असे. पापलेट, सुरमई बाजाराला. घरच्या मडक्यात हा वाटा. दोन्ही मासे तेलकट, उग्र वासाचे. त्यावर उतारा तिरफळाचा: रानातले फळ, बी टाकून देऊन साल तेवढी ठेचून घालायची. बांगड्याच्या तिखल्याची चव येथून आली. आंबटपणाला परसातल्या रातांब्याचे आमसूल. मिरची मात्र 16व्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. शुद्ध परंपरेचा टेंभा मिरविणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

उत्तरेकडे बोंबलाची कथा निराळी. त्याच्या अंगी पाणी फार, म्हणून तो टिकत नाही. कोळणी त्याला जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर वाळवितात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा हाच सुका बोंबील आणि सुकट घाटावरच्या मजुराच्याही भाकरीला चव देते. ही साठवण बव्हंशी स्त्रियांच्या श्रमावर उभी आहे.

1953 साली केरळात नॉर्वेच्या साहाय्याने यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. पुढे कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि ट्रॉलर किनाऱ्यालगत घुसले. गोव्यात 1970च्या दशकात रापणकारांनी त्याविरुद्ध लढा दिला. महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला, 2016 साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. तरीही मालवणच्या समुद्रात पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचे खटके उडतच राहिले. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि वाटा कोणाला, हा वाद आहे. रापणीत वाटा ओढणाऱ्याच्या घरी जाई. पर्ससीनच्या बोटीवर मजुरी मिळते, मासळी मालकाची.

त्या मासळीतली तारली आता फिशमीलच्या कारखान्यांतही जाते. तिची भुकटी होऊन ती कोंबड्यांना आणि शेततळ्यांतल्या कोळंबीला घातली जाते, आणि त्या कोळंबीचा मोठा भाग निर्यात होतो. कारखाना टनांनी माल उचलतो. टोपलीभर तारली घेऊन दारोदार फिरणारी बाई त्या सौद्यात बसतच नाही.